एका सरीला एक प्रकरण

पंख असलेल्या एका युवराजाने आमच्या शेजारच्या तात्यांच्या उसात पाणी सोडलं. (खोरं तेवढं माझ्या हातात होतं.)

मला असल्या कादंबऱ्यांचं वेड आहे. राजवाडा ढगात हवा, युवराजाला शाप हवा आणि शापाला पुरून उरेल असं प्रेम हवं. मुलगी लग्नाला आली, गुडघे कुरकुरायला लागले, पण वेड काही जाईना. आमचे हे म्हणतात, "चाळिशी लागली तरी तुला राजपुत्र दिसतोच!" (चाळिशीशिवाय दिसत नाही, म्हणून तर लावली!)

आता वाचायला वेळ कुठून आणायचा? तो मी उसातून काढला. उसाला पाणी द्यायचं म्हणजे दारं धरायचं. पाटाचं पाणी एका सरीत सोडायचं, सरी भरली की खोऱ्यानं माती ओढून तिचं तोंड बुजवायचं आणि पुढच्या सरीचं फोडायचं. सरी भरेपर्यंत गडी माणसं तंबाखू मळतात. मी वाचते. एका सरीला एक प्रकरण, असा माझा हिशेब पक्का बसलेला. तिकडं पाणी सरीच्या शेवटाला टेकायचं, इकडं प्रकरण संपायचं! आमच्या कोऱ्हाळ्यात माझ्याइतकं चोख पाणी कोणी देत नाही, असं मी बायकांना ऐकवतही असे.

त्या दिवशी शेतीच्या मोटरीला रात्रीऐवजी दिवसाची लाईट होती. हे सकाळीच भवानीनगरला एका साखरपुड्याला गेलेले. मी उशीएवढी जाड कादंबरी घेऊन बांधावर बसले. शेवटचं प्रकरण राहिलं होतं आणि काही झालं तरी ते आज संपवायचंच, असा माझा निश्चय होता. त्यातला युवराज खोटं बोलला की त्याच्या पंखाचं एक पीस गळायचं. आता तो कड्यावर उभा. पंखात एकच पीस. आणि मिठागरवाल्याच्या मुलीचा जीव वाचवायचा तर तिला सांगायचं, की माझं तुझ्यावर प्रेम नाही!

पाणी सोडलं, वाचायला लागले. पण लेखिकेने हे एकच प्रकरण चार प्रकरणांएवढं लिहिलं होतं! वाचणाऱ्याचं पाणी चालू असेल, एवढा तरी विचार करावा की नाही?

सरी भरली, पाट भरला, बांध फुटला आणि पाणी खाली तात्यांच्या शेतात उतरलं. नेमकी त्याच दिवशी तात्यांच्या उसाची तोड होती. साखर कारखान्याची ऊसतोड टोळी त्यांनी महिनाभर वाट बघून, हातापाया पडून मिळवलेली. ट्रॅक्टर आत यावा म्हणून रान तोडीआधी कोरडं ठणठणीत ठेवलेलं.

"मंगल! ए मंगल! पाणी आलं की गं माझ्या फडात!" तात्या ओरडले.

"व्हय तात्या, आले! दोनच पानं राह्यलीत!"

"पानं? अगं, हितं माझा ऊस बुडाला!"

मान वर केली, तर खाली तळं. तळ्यात कारखान्याचा ट्रॅक्टर, ट्रॉली अर्धी भरलेली, चाकं निम्मी गाडलेली. आणि तात्यांचा चेहरा! पळत जाऊन मोटर बंद केली.

टोळीचा मुकादम कमरेवर हात ठेवून उभा होता. तो म्हणाला, "तात्या, आज गाडी भरली न्हाय, तर आमी उद्या लोणीला जाणार. कारखान्याचं तसं सांगणंच हाय. मग तुमची पाळी कवा येईल, सांगता येत न्हाय."

तात्या मटकन खाली बसले. निम्मा ऊस तुटून पडला होता. तुटलेला ऊस वाळायला लागला, की वजन उतरतं आणि वर्षाची मेहनत मातीत जाते.

"तात्या, उठा. मी पाणी घातलं, मीच गाडी काढते!" मी म्हणाले. घरी गेले, आमचा ट्रॅक्टर काढला (मला येतो चालवता!) आणि साखळी लावून, पदर खोचून, दिला जोर. गाडी हलली. म्हणजे आमची हलली, खाली! आता तळ्यात दोन ट्रॅक्टर झाले.

"झ्याक झालं," मुकादम म्हणाला. "आता तिसरा आणा."

मी हटले नाही. दुसरी ट्रॉली रिकामीच रस्त्यावर उभी होती. म्हटलं, गाडी फडात येत नाही, तर फड गाडीकडं नेऊ! पण रस्ता लांब, वाट चिखलाची. टोळीतल्या बायका सरळ नाही म्हणाल्या. मग मीच एक मोळी डोक्यावर घेतली आणि चार पावलांत मोळीसकट चिखलात बसले. बायका पोट धरून हसल्या. त्यातली थोरली, चंद्रभागाबाई, मला उठवत म्हणाली, "बाई, एवढं काय हाय वो त्या पुस्तकात?"

"चला माझ्यासंगं, सांगते."

मी मोळी उचलून चालायला लागले आणि सांगायला लागले. थांबले की गोष्ट बंद, चालले की गोष्ट सुरू! ऐकायचं तर मागून यावं लागे आणि रिकाम्या डोक्यानं कसं यायचं? एक आली, दुसरी आली, मग रांगच लागली. पीस गळण्याचा भाग आला तेव्हा चंद्रभागाबाई ठसक्यात म्हणाली, "आमच्या मुकादमाला पंख असते, तर कवाच बोडका झाला असता!" मुकादम ऐकून न ऐकल्यासारखं करत पुढं झाला आणि त्यानंही एक मोळी उचलली.

दिवस मावळायच्या आत रस्त्यावरची ट्रॉली शिगोशीग भरली. फडातली रिकामी केल्यावर दोन्ही ट्रॅक्टरही निघाले. माझी मान उरली नव्हती, पण तात्यांचा ऊस कारखान्याला निघाला होता.

"चला, हाण गाडी!" तात्या म्हणाले.

"थांबा!" मुकादम. "शेवट काय झाला त्या पोराचा?"

"म्हाईत न्हाय," मी म्हणाले. "दोन पानं राह्यलीत."

मग काय! ट्रॉलीला टेकून मी ती दोन पानं मोठ्यानं वाचली. युवराज खरं बोलला, पीस राहिलं, दोघं उडून गेली. बायकांनी डोळे पुसले. तात्यांनी फक्त विचारलं, "त्यांच्यात शेती न्हाय का कुणाला?"

यंदा तात्यांच्या तोडीची पाळी जवळ आली, तसे ते घरी आले. हातात पिशवी.

"बारामतीला गेल्तो. दुकानदाराला म्हणलं, तसलंच पंखाचं दे, पर सगळ्यात बारीक बघून दे. मंगल, माझा ऊस जाईस्तोवर एवढं एकच वाच. तुला शपथ हाय!"

मला अगदी भरून आलं. माझ्यावर चिडायचं सोडून माणूस पुस्तक घेऊन आला! शपथेप्रमाणे मी ते एकच वाचलं. एका दुपारीतच संपलं. शेवटच्या पानावर युवराणी समुद्रात उडी घेते आणि खाली बारीक अक्षरात छापलंय : सहा भागांतला पहिला.

तात्यांना मी अजून काही बोललेले नाही. उरलेले पाच भाग मागवलेत. ते नेमके त्यांच्या तोडीच्या दिवशी येणार आहेत, आणि त्या दिवशी आमच्या पाण्याची पाळी आहे!