मुरुमजवळचं न बोलणारं गाव

कणकवलीच्या स्टँडवरून एसटी सुटली तेव्हा माझ्याकडं दोन पिशव्या होत्या. एकीत नारळ आणि कुळथाचं पीठ. दुसरी रिकामी, लेकीचे कपडे भरून आणायला.

माझी सुप्रिया धाराशिव जिल्ह्यात, मुरुमजवळच्या एका गावात इंग्रजी शिकवायला लागली होती. मी सातवीत शाळा सोडलेली. तिला नोकरी लागली तेव्हा देवाला नारळ दिला. आणि थोड्याच दिवसांत तिचा फोन, "आये, हयसर माझ्यावांगडा कोणच बोलना नाय." (इथं माझ्याशी कुणीच बोलत नाही.) शाळेतले बाकीचे शिक्षक उमरग्याहून ये-जा करतात, शाळा सुटली की गाव आणि ती एकटी. ठरवलं, बघायचं, आणि खरंच तसं असलं तर तिला घेऊनच परतायचं.

सोलापूर सोडलं आणि काळी, सपाट जमीन सुरू झाली. तूर, ज्वारी, मध्येच एखादी बाभूळ. एवढं आभाळ मी कधी पाहिलं नव्हतं. इथं लपायला झाडसुद्धा नाही, हेच पहिलं मनात आलं.

मुरुमला कंडक्टरनं माझी पिशवी स्वतः खाली उतरवून दिली. त्याचे उपकार मी अजून विसरले नाही. स्टँडवरच्या चहावाल्यानं विचारलं, "कुनाकडं जायाचं, मावशी?"

"नव्या इंग्रजीच्या बाईंची आई मी."

"व्हय का! आदीच्या बाई लगीच गेल्या बगा. ह्या तरी टिकत्याल का?" आणि हसला. ते हसणं मला आवडलं नाही. चहा अर्धा टाकून मी वडापमध्ये (भरली की सुटणारी जीप) बसले.

सुप्रिया गावाच्या तोंडाशीच उभी होती. नळावर बायकांचा गलका चालला होता. आम्ही जवळ गेलो आणि गलका थांबला. एका म्हाताऱ्यानं कपाळाला हात लावून नमस्कार केला, पण ओठ घट्ट मिटलेले. आम्ही पुढं गेलो तशा मागं पुन्हा गप्पा सुरू. मी लेकीचा हात धरून पाय उचलले.

ती राहते त्या घराच्या मालकीणबाईंना सगळे अव्वा म्हणतात (तिकडं आजीला म्हणतात तसं). अव्वांनी दारातच बोटानं घोंगडी दाखवली. बस, एवढंच. ना 'या', ना 'बसा'. ताटात ज्वारीची भाकरी आणि येसराची आमटी (भाजलेल्या धान्य-मसाल्याचं पीठ लावलेली) आली. आणखी वाढू का, तेही हातानंच. त्यांची नात राजश्री दारात उभी राहून सगळ्यांच्या तोंडाकडं बघत होती, पहाऱ्यावर असल्यासारखी. मी आमटी आधी हुंगली, मग खाल्ली. चवीला फार छान होती, म्हणून जास्तच भीती वाटली.

"बॅग भर," मी हळूच म्हटलं.

"आये, उद्या माझो तास बघ. मगे ठरव."

दुसऱ्या दिवशी मी वर्गात मागच्या रांगेत बसले. सुप्रिया मराठीचा एक शब्द काढत नव्हती. छत्री उघडून दाखवायची, वांगं वर धरायचं, खिडकी लावायची आणि तेच इंग्रजीत म्हणायचं. "स्टँड अप!" पोरं उठली, मीही उठले. "सिट डाऊन!" मी बसले तेव्हा पोरं खुदखुदली. मला कळत होतं! पस्तीस-चाळीस वर्षांनी वर्गात बसून मला काहीतरी कळत होतं.

एवढ्यात एक पोरगं म्हणालं, "बाई, पानी..." अख्ख्या वर्गानं ओठांवर बोट ठेवलं. पहिल्या बाकावरून राजश्री फिस्कारली, "श्शू!" तसेच मिटलेले ओठ नळावर पाहिले होते. मला वाटलं, झालं, ही पोरं गप्प बसायचं घरूनच शिकून आलीत.

दुपारी अव्वांनी पुन्हा बोटानं घोंगडी दाखवली. मी बसलेच नाही.

"अव्वा, आमचं काही चुकलं का? लेकीशी कुणी बोलत नाही. उद्या मी तिला घेऊन जाते."

अव्वांनी राजश्रीकडं पाहिलं. तिनं मानेनंच 'नको' केलं. अव्वांनी हातातली भाकरी तव्यावर आदळली.

"चुलीत गेली तुजी इंग्रजी! बाई चालल्या, तरी गपच बसू व्हय?" मग माझ्याकडं वळून, "अवं, बाईंम्होरं मराठी बोलायचं न्हाय, असं ह्या पोरीनं सांगितलंया. सगळ्याच पोरांनी घरोघर सांगितलंया. आमाला कुटं येतंय इंग्रजी? बसलो गप. लई जड गेलं बगा, पोट फुगलं माजं!"

सुप्रिया कपाळाला हात लावून खालीच बसली. "अहो, ते तासापुरतं होतं!"

"आन हे आमाला कोन सांगनार? आदीच्या गेल्या. ह्या तरी ऱ्हाव्या म्हून समद्या गावानं तोंड दाबून धरलं."

मग अव्वा जी बोलत सुटल्या! गल्लीतल्या बायकाही आल्या. समुद्राचं पाणी खरंच खारट असतं का, नुसत्या भातानं पोट भरतं का, नवरा कुठं असतो. मीही आमटीत काय काय घालतात ते एकेक विचारून घेतलं. माझा संशय काही एका दुपारीत जाणारा नव्हता.

परतताना रिकाम्या पिशवीत तुरीच्या शेंगा आणि ज्वारीचं पीठ होतं. लेकीचे कपडे तिथंच राहिले. वाटेतली काळी जमीन तीच होती, पण आता तिच्यात मी लपायला झाड शोधत नव्हते.

आमच्याकडं फोनला रेंज फक्त खळ्यात (अंगणात) मिळते. परवा फोन वाजला आणि मी नेहमीसारखी धावले. सुप्रिया म्हणाली, "आये, अव्वांका तुझ्यावांगडा बोलाचा हा." (अव्वांना तुझ्याशी बोलायचंय.)

पलीकडं कुणी बोलेना. मागं राजश्रीची कुजबुज ऐकू येत होती. मग अव्वांचा खणखणीत आवाज आला, "सिट डाऊन!"

मी तिथंच खळ्यात बसले.