पेंटरकाकांनी चित्र जोखलं

“लांबनं बघू,” असं म्हणत पेंटरकाका उलट्या पावली मागं सरकू लागले, की आळेफाट्यावरची माणसं आपापल्या मोटारसायकली आवरून घेत. ट्रकच्या पाठीवर मोर, गायी, वेली रंगवण्यात त्यांचा जन्म गेला. काम कसं झालंय हे ते रस्त्याच्या पलीकडूनच ठरवत. तुम्ही कधी फाट्यावर चहा घेतला असेल, तर एकदा तरी ते तुमच्या टेबलाला धडकले असतीलच.

“जवळनं समदंच चांगलं दिसतंय,” म्हणायचे. मुलाच्या लग्नात त्यांनी नवरानवरीलासुद्धा मांडवाच्या टोकावरून पाहून पसंतीची मान हलवली होती.

फाट्यावर आमचं हॉटेल, आणि मी घरची सून. दुपारी गिऱ्हाईक कमी झालं, की मागच्या कोठीत मी चोरून चित्रं काढायची. एकदा प्लायवूडवर मोठं चित्र केलं. त्यात झाड नाही, माणूस नाही. नुसता पिवळा, काळा आणि त्यातून वाट काढत गेलेला निळा. सही केली नाही. मैत्रिणीनं पुण्याहून पाठवलंय, अशी थाप मारली.

माझे सासरे, आबा, यांनी हॉटेलच्या मोठ्या भिंतीसाठी धबधब्याचा फ्लेक्स छापून आणला होता. त्याऐवजी हे लावू, असं मी सुचवलं, तर आबा म्हणाले, “ह्या चित्रात काय हाय? पेंटरला इचारू. त्यो बाद म्हणला, तर बाद.” मीही मनाशी ठरवलं, काका बाद म्हणाले तर ब्रश कायमचे टाकून द्यायचे.

काका आले. चित्र बाहेर खुर्चीवर ठेवायला लावलं आणि मागं सरकत पार पंक्चरवाल्यापर्यंत गेले. तिथून कितीतरी वेळ बघत राहिले.

परत येऊन म्हणाले, “आबा, ह्यात काय हाय ते मलाबी कळलं न्हाई. पर हात कुठंच भ्यालेला न्हाई. आन् निळा तर तिथनंबी डोळ्यात भरतोय. मला जल्मात असा निळा जमला न्हाई. धबधबा गुंडाळून ठेवा.”

आनंदानं मला ओरडावंसं वाटलं.

मग काकांनी प्लायवूडची कड नखानं खरवडली. खाली तांबूस थर लागला. “हा रेड ऑक्साईड. गंज धरू नये म्हणून आमी पत्र्याला मारतो. पुण्याचा चित्रकार लाकडाला कशाला मारंल? सूनबाई, डबा कुठनं घेतला?”

मी खरं सांगून टाकलं. “कोपऱ्यावरच्या हार्डवेअरमधून. प्रायमर मागितला, तर त्यानं हाच दिला.”

आबा माझ्याकडे वळले. “तू काढलंस?”

“मग नाव का टाकलं न्हाई?” काका तापले. “बिननावाचा माल चोरीचा वाटतोय!” त्यांनी खिशातला बारीक ब्रश माझ्या हातात दिला आणि आपला पांढऱ्या रंगाचा डबा उघडला. चहा पिणारी माणसं कप हातात घेऊन उठून आली. मी खाली वाकून कोपऱ्यात नाव घालू लागले.

“बारीक नगं,” आबा म्हणाले. “मोठं टाक.”

काका मागच्या वर्षी गेले. त्यांची फार आठवण येते. आता माझी चित्रं पुण्यातल्या प्रदर्शनांत लागतात. सही जरा मोठीच आहे, असं तिथले जाणकार म्हणतात. म्हणू देत बापडे.