गळ्याजवळचं बटण

माझा नवरा गेल्याला आता बरीच वर्षं झाली. लोक मला त्याच्या शेवटच्या दिवसांबद्दल विचारतात. मला मात्र आठवतो तो अबूधाबीतला एक शुक्रवार.

आम्ही दोघं डॉक्टर. महिन्यातून एकदा केस डिस्कशनला जायचो, त्याशिवाय लायसन्स टिकवायला लागणारे तास भरत नसत. तिथे नियम असा, की केस मांडणाऱ्याने निम्म्यावर थांबायचं आणि टेबलाभोवती प्रत्येकाने आपलं निदान सांगायचं. ज्युनिअर आधी, म्हणजे मोठ्यांचं ऐकून कोणी मत बदलणार नाही. मी जवळजवळ शेवटी.

त्या दिवशी केस माझा नवरा मांडत होता. तो मुसफ्फा या कारखान्यांच्या भागातल्या क्लिनिकमध्ये बसायचा.

"पंचेचाळिशीचा वेल्डर. उजवा हात हळूहळू कमजोर होतोय. मुंग्या नाहीत, दुखत नाही. गळ्याजवळचं बटण लावता येत नाही."

मी लिहिता लिहिता थांबले. सकाळीच मी नवऱ्याच्या टायखालचं बटण लावून दिलं होतं. "शर्ट नवा आहे, काज घट्ट आहे," तो म्हणाला होता. शर्ट नवा नव्हता.

"मानेत नस दबली असेल," सगळ्यांत तरुण डॉक्टर म्हणाली.

इजिप्शियन सर्जन हसला. "गळ्यापर्यंत बटण? लग्नाला निघालाय का वेल्डर? हबीबी, एमआरआय काढा, खलास!"

सगळे हसले. नवराही हसला, माझ्याकडे न बघता.

सुदानी फिजिशियन हसले नाहीत. "स्नायू फडफडतात?"

"दंडात. झोपताना."

हल्ली नवरा उजवा हात अंगाखाली दाबून झोपत असे.

फिजिशियननी पेन खाली ठेवलं. "मोटर न्यूरॉन डिसीज." त्यावर औषध नाही, हे तिथे प्रत्येकाला ठाऊक होतं. "मायदेशी पाठवा बिचाऱ्याला. बायकोला माहीत आहे?"

"अजून नाही."

माझी पाळी आली. सभेत आम्ही एकमेकांना डॉक्टरच म्हणायचो.

"डॉक्टर, बायकोला कळलंय. अशा गोष्टी घरात लपत नाहीत. उद्या सकाळी दोघांना एकत्र बोलवा, तपासण्या सुरू करा. इतक्यात कुठेही पाठवू नका."

त्याने पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं.

"बोलावतो, डॉक्टर."

"इन्शाल्ला," सर्जन म्हणाला आणि त्याने चहा मागवला.

पार्किंगमध्ये मी गाडीची किल्ली मागितली. एरवी तो माझ्या ड्रायव्हिंगची थट्टा करायचा, किल्ली सोडायचा नाही. त्या दिवशी त्याने ती माझ्या हातात ठेवली, डाव्या हाताने.