तळाशी बसणारं शेवाळ

सर बाटली उन्हात धरायचे, एक डोळा मिटायचे आणि आतल्या हिरव्या पाण्याकडे बघत म्हणायचे, "आज जरा बरं हाय." घरात कुणी आजारी असावं तसं.

मी शिरड शहापूरला आरोग्यसेवक होतो. विहीर, हौद, टाकी, जिथं पाणी दिसेल तिथं जंतू मारायची टीसीएल पावडर टाकत फिरायचं, हे माझं काम. पाणी हिरवं दिसलं की हात आपोआप पिशवीत जायचा. आणि हे सर, हायस्कुलातून रिटायर झालेले विज्ञानाचे मास्तर, परसातल्या हौदांत मुद्दाम शेवाळ वाढवायचे! "डॉक्टर, तुमी मारा, आमी पोसतो," म्हणायचे. मी डॉक्टर नाही हे त्यांना ठाऊक होतं. पण फिरून फिरून पाय दुखत असले की तेवढं ऐकूनही बरं वाटायचं.

शेवाळातून तेल निघतं, हे त्यांनी पेपरात वाचलं होतं. त्यांनी काढलंही. वाळलेलं शेवाळ जुन्या कुकरात, शिट्टीच्या जागी तांब्याची नळी, खाली गोवऱ्या. नळीतून काळं, चिकट तेल वाटीत थेंबथेंब पडायचं. त्याचा वास तुम्ही एकदा घेतला असता तर दोन दिवस जेवला नसता. त्यांच्या बायकोनं, काकूंनी, त्या कुकराचं नावच टाकलं होतं.

रड एकच. शेवाळ इतकं बारीक की धोतरातून गाळलं तरी निसटायचं. मग सगळं पाणीच आटवायला लागायचं, अर्धी वाटी तेलाला टोपलंभर गोवऱ्या. "तेल निघून राहिलं, पण परवडून न्हाई राहिलं," म्हणत सर कट्ट्यावर बसून राहायचे. पाच वर्षं हेच. बघून मलाच थकवा यायचा.

मग तांड्यावरच्या गुरांच्या हौदात त्यांना वेगळं शेवाळ सापडलं. ढवळलं तरी तासाभरात ते आपोआप तळाशी बसायचं. वरचं पाणी काढून टाकायचं, खालचा गाळ उन्हात वाळवायचा. आटवायला एक गोवरी नको. बाटलीभर आणून, वर्षभर जपून त्यांनी हौद भरला. "पुढच्या आठवड्यात कुकर लावतो, डॉक्टर," म्हणाले. "औंदा परवडतं बघा."

त्याच आठवड्यात गॅस्ट्रोची साथ आली. चार दिवस मी धड झोपलो नव्हतो. पाचव्या दिवशी सरांच्या परसात शिरलो, तेव्हा ते जवळा बाजार गावी गेले होते. हौद हिरवागार. हात पिशवीत गेला. पावडर टाकली, काठीनं ढवळली, पुढे निघालो. तिसऱ्या घरी पोचल्यावर लक्षात आलं, तो हौद सरांचा होता.

दुसऱ्या दिवशी हौदाचा तळ दिसत होता. सरांनी बाटली भरली, उन्हात धरली, एक डोळा मिटला. मग म्हणाले, "प्यायला चांगलं झालं."

शिवी दिली असती तर परवडलं असतं.

तांड्यावरून पुन्हा आणू, म्हणून मी त्यांना सायकलवर डबलसीट घेऊन गेलो. तिथला हौद घासूनपुसून लख्ख. तिथली बाई म्हणाली, तुम्हीच तर सोमवारी पावडर टाकून गेलात, हौद घासा म्हणालात. घराजवळ उतरताना सरांनी एवढंच विचारलं, "साथ हटली का?" मी व्हय म्हटलं. "मंग झालं तं," म्हणाले आणि आत गेले.

पुढे त्यांनी कुकर लावलाच नाही. दोन वर्षांनी झोपेतच गेले.

त्यानंतरच्या दिवाळीत काकूंनी निरोप धाडला, हौदात डास होऊन राहिले, पावडर टाकून जा. गेलो. पाणी पुन्हा हिरवं झालं होतं. सवयीनं काठी घालून ढवळलं आणि पाय दुखत होते म्हणून सरांच्या कट्ट्यावर टेकलो. काकूंनी चहा दिला. जुन्या गोष्टी निघाल्या, तासभर सहज गेला.

उठून पाहिलं तर वरचं पाणी नितळ होतं आणि तळाशी जाड हिरवा थर बसला होता.

काकू म्हणाल्या, "टाकता ना पावडर?"

मी म्हटलं, पावडर संपली काकू, उद्या गप्पी मासे आणून सोडतो. पिशवी माझ्या खांद्याला भरलेलीच होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि रिकामा कप उचलून त्या आत गेल्या.