न्हाणीच्या चुलीतलं प्लास्टिक

पंचायतीच्या सुक्या कचऱ्याच्या शेडमध्ये काम करायला लागल्यापासून मला पावसाळा नकोसा झाला आहे. शेडला पत्रे आहेत, भिंती अर्ध्याच. घराघरातून आलेलं प्लास्टिक वेगळं करायचं, पुसायचं, वाळवायचं, पोत्यात भरायचं. ओलं दिलं तर ते न्यायला येणारा गाडीवाला खाली उतरवून ठेवतो.

त्या श्रावणात त्याचाच फोन आला. "अक्का, अर्ध्या गाडीसाठी घाट चढायला जमत न्हाई. या बारीला गाडी भरली न्हाई तर तुमचं गाव यादीतनं काढणार हाईत."

गाव यादीतून गेलं की शेड बंद, आणि कचरा पुन्हा ओढ्याच्या काठाला. तिथं गुरं तो खातात. छत्री घेऊन घरोघर निघाले. मी वाटलेली निळी पोती सगळीकडे रिकामी. शेजारच्या म्हातारीला विचारलं, तर ती शांतपणे म्हणाली, "ते न्हाणीच्या चुलीत गेलं. वली लाकडं कशानं पेटवू?"

"काकी, धूर वाईट असतोय त्याचा."

"व्हय, वाईट हाय. पर पाणी तापतंय. तुझ्या कागदानं तापत न्हाई बाई."

'प्लास्टिक जाळू नका' हा कागद तिच्या दारावर मीच चिकटवला होता.

भांडण्यात अर्थ नव्हता. आमच्या खोपीत सुपारीची वाळलेली सालं होती, पावसाळाभर आंघोळीचं पाणी तापवायला साठवलेली. मी गावात सांगितलं, प्लास्टिकचं पोतं द्या, बुट्टीभर सालं न्या. पहिली म्हातारीच आली. बुट्टी दाबून भरून घेतली, वर म्हणाली, "आणखी मूठभर घाल की. पोतं बघ केवढं हाय." पोत्यात दुधाच्या पिशव्या होत्या, धुतलेल्यासुद्धा.

बाकीच्या घरी पंधरा दिवस मीच डोक्यावरून सालं नेली आणि पोती आणली. कंबर धरली. गाडी आली, काठोकाठ भरली. गाडीवाल्याने दोरी आवळली, "पुढल्या खेपेला येतो," म्हणाला. मला तेवढंच हवं होतं.

घरी आले तर खोप रिकामी, लाकडं ओली. नवरा न्हाणीच्या दारात दुधाची रिकामी पिशवी आणि काडेपेटी घेऊन उभा.

"लावू काय?"

मी ती पिशवी घेतली, धुतली, वाळत टाकली आणि गार पाण्याने आंघोळ उरकली.

"मग मी उद्या करतो," तो म्हणाला.

उद्याही लाकडं ओलीच असणार होती.