वाचून फाडून टाकणे

मुनवरला लेखक व्हायचं होतं. हे त्यानं पहिल्यांदा मला सांगितलं तेव्हा मी हसलो होतो, आणि त्याची मला अजून लाज वाटते.

येडशीच्या पोस्टासमोर लिंबाखाली चटई टाकून तो लोकांची पत्रं लिहून द्यायचा. शिकला होता निजामाच्या राज्यात, उर्दूतून. पोलिस ॲक्शननंतर कचेऱ्यांची भाषा मराठी झाली, तसा विशी उलटल्यावर माझ्याकडं बाराखडी गिरवायला आला. मी शाळामास्तर. अक्षर मी दिलं, पण भाषा त्यानं माणसांच्या तोंडून उचलली. त्यानं लिहिलेलं पत्र वाचलं की पाठवणारा समोर बसून बोलतोय असं वाटायचं.

अठ्ठावन्न साली सोलापूरच्या एका साप्ताहिकात जाहिरात आली. गावोगावी वार्ताहर नेमायचे होते, आणि इच्छुकांनी स्वतःच्या लिखाणाचे पाच नमुने पाठवायचे होते. मुनवर ती जाहिरात घेऊन माझ्या दारात उभा.

"गुरुजी, धा साल लिवतोय. पर माझ्यापशी माझा म्हणावा असा एक कागद न्हाय. समदं लोकांच्या नावानं गेलं."

"मग लिही की नवीन पाच."

"लिवून बघितलं. नमुन्यासाठी लिवलेलं नमुन्यावानीच दिसतंय. फेकून दिलं."

हट्टी प्राणी! मग पत्रं ज्यांच्याकडं गेली त्यांच्या घरी जाऊन तो ती मागू लागला. दिवाळीची सुट्टी होती, म्हणून मीही त्याच्याबरोबर हिंडलो. लोक दाराआड टांगलेल्या तारेला टोचलेली पत्रं काढून द्यायचे. बारशाचं आवतण, बैल विकल्याची खबर, रुसलेल्या जावयाची समजूत. अशी चार हाताला लागली. बरी होती, एवढंच.

मुनवरचा हात खरा चालायचा तो मौतीच्या पत्राला. ते त्यालाही ठाऊक होतं. पण तसलं पत्र कुणी घरात ठेवत नाही. वाचलं की फाडायचं, ही आपल्याकडची रीत. लिहिणाराही शेवटी 'वाचून फाडून टाकणे' असं लिहितो. दहा वर्षं हा गडी आपलं सगळ्यात चांगलं लिखाण फाडायला स्वतःच सांगत आला होता, तेही वळणदार अक्षरात! मला हसू फुटलं. तो मात्र हातातली चार पत्रं पुन्हा चाळू लागला.

"सोनारीला एक गेलंय," शेवटी म्हणाला. "तेवढं बघू. तसलं पुन्हा न्हाय लिवता आलं मला."

येडशीच्या दगडाबाई दोन वर्षांपूर्वी वारल्या होत्या. त्यांच्या नवऱ्यानं मुनवरकडून पत्र लिहवून घेतलं होतं, दगडाबाईंच्या धाकट्या बहिणीच्या, सोनारीच्या हरणाबाईंच्या, मालकांना. आम्ही एसटीनं परंड्याला उतरलो आणि पुढं बैलगाडीनं गेलो. हरणाबाईंचे मालक गोरोबा ओसरीवर बसले होते. पत्राचं विचारताच म्हणाले, "ते व्हय? तवाच फाडलं. तुमीच लिवलं हुतं की तसं."

मुनवरचं तोंड पडलं. एवढ्यात हरणाबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या.

"फाडायच्या आदी म्या पोस्टमनाकडनं तीनदा वाचून घेतलंय, भाऊ. तुमी लिवून घ्या, म्या सांगते."

आणि त्या जमिनीकडं बघत सांगू लागल्या.

"दगडाबाई बुधवारी दिस मावळताना गेल्या. सकाळी भाकरी खाल्ली न्हाय, पर तुमच्या परसातल्या शेवग्याला शेंगा आल्या का म्हून इचारलं. हरणा रडाय लागली की जेवत न्हाय, तिला आदी जेवू घाला आन् मग ह्ये वाचून दावा..."

मुनवर लिहीत होता आणि त्याचे डोळे वाहत होते. माझेही. बाई थांबल्या, मग हळूच म्हणाल्या, "आन् जाताना अक्कानं हरणाचंच नाव घेतलं."

मुनवरची लेखणी थबकली. दगडाबाई त्या दिवशी दुपारपासूनच बेशुद्ध होत्या, हे त्याला माहीत होतं. ते वाक्य त्यानं लिहिलेलं नव्हतं. त्यानं एकदा माझ्याकडं पाहिलं आणि ते लिहून घेतलं.

"ह्ये पेपरात दिलं तर चालंल का, बाई?"

"द्या की. पर खाली फाडा म्हून लिवू नगा."

येडशीला आल्यावर मी म्हणालो, "ते वाक्य गाळ. वार्ताहर व्हायचंय तुला, खोटं कसं चालेल?" त्यानं गाळलं नाही आणि लपवलंही नाही. सोबतच्या चिठ्ठीत संपादकांना कळवलं, 'पाचव्या नमुन्यातलं शेवटचं वाक्य माझं नाही, हरणाबाईंचं आहे. ते घडलेलं नाही. पण खोडायचा हक्क मला नाही.' मी कपाळाला हात लावला. गेली नोकरी, म्हटलं.

महिन्यानं अंक आला. चार नमुने संपादकांनी बाजूला ठेवले होते. पाचवा चौकटीत छापला होता, दोघांच्या नावानं. सोबत नेमणुकीचं पत्र होतं.

मुनवर अंक घेऊन सोनारीला गेला, मीही गेलो. हरणाबाईंना वाचता येत नव्हतं. त्यानं त्यांचं बोट धरून त्यांच्या छापलेल्या नावावर ठेवलं.

"ह्ये तुमी."

बाईंनी नुसती मान हलवली. "आन् अक्का कुठंय?"

त्यानं बोट चार ओळी वर नेलं. त्या नावावर हरणाबाईंनी बोट ठेवलं, आणि आम्ही चहा पिऊन उठलो तरी उचललं नव्हतं.