दोन पट्ट्या मॉर्फिन

फौजेतून हवालदार नर्सिंग असिस्टंट म्हणून निवृत्त झालो. नांदेडच्या घरी नीट बूड टेकायच्या आत लातूरला पोस्टिंग मिळाली. माजी सैनिकांच्या दवाखान्यात औषधं सांभाळायची. मॉर्फिनच्या कपाटाला दोन कुलपं. एक किल्ली डॉक्टर मेजरसाहेबांकडे, दुसरी माझ्याकडे. गोळ्यांची रिकामी पट्टी आणा, भरलेली न्या. पेशंट वारला तर उरलेल्या गोळ्या परत घ्यायच्या आणि दोन साक्षीदारांसमोर नष्ट करायच्या.

देवणीचे सुभेदार बिरादार सीमेवरच्या पोस्टवर माझे सीनियर होते. त्यांना हाडांचा कॅन्सर झाला. दर खेपेला रिकामी पट्टी माझ्या हातात ठेवून म्हणायचे, "फायरिंग संपली. काडतुसं जमा करून घ्या."

ते गेले. मी तिरडीला खांदा दिला, सरणापाशी सॅल्यूट केला आणि लातूरला परतलो. दुखवट्याच्या घरी गोळ्यांचा विषय काढवेना. पुढच्याच आठवड्यात औषध निरीक्षक शेख तपासणीला आले. उदगीरचे, वयाने तरुण, बोलायला मऊ, कामात कडक.

"सुभेदारांच्या दोन पट्ट्या?"

"परत आल्या नाहीत, सर."

"मग त्या सापडेपर्यंत कपाट सील."

माझं डोकंच चालेना. बिरादारांच्या घरातून मॉर्फिन बाहेर जाईल? कुणी विकलं म्हणावं तर कोण विकणार? तेवढ्यात मुरुडहून नाईक कदमांचा फोन आला. त्यांनाही तोच आजार.

"साहेब, सकाळची गोळी शेवटची व्हती. आता काय करू?"

"थांबा," म्हणालो. स्वतःचाच राग आला.

मेजरसाहेबांनी ऑर्डर दिली. "शेखसाहेबांना घेऊन देवणी गाठा. आत्ता."

बिरादार वहिनी ओसरीवर बसल्या होत्या. मी विचारलं, "वहिनी, सायबांच्या उरलेल्या गोळ्या कुठं हायत?"

"तेंच्यासंगं दिल्या की."

"म्हंजे?"

"तिरडीवर, उशाला. पुडीत बांधून. लोक तंबाखू ठिवतात, पान ठिवतात. ह्यांना दुसरं काय लागत व्हतं, भाऊ? वाटंत दुखाया लागलं तर मागतील कुणाला?"

शेखांनी मान खाली घातली. मग मला विचारलं, "तुम्ही पाहिलं?"

"पुडी पाहिली, सर. तंबाखू असंल वाटलं."

"जळताना?"

"हाव. माझ्यासमोर जळाली. पण आत काय व्हतं ते बघितलं न्हाई."

"तेवढंच लिहितो."

त्यांनी पंचनाम्यात 'अग्नीत नष्ट' असं लिहिलं. पुडी बांधल्याच्या साक्षीदार वहिनी, जळाल्याचा साक्षीदार मी. दोघांनी सह्या केल्या. दुपारी सील निघालं आणि मी स्वतः मुरुडला गोळ्या घेऊन गेलो. कदम भिंतीला टेकून बसले होते. गोळी घेतल्यावर तासाभराने त्यांना झोप लागली.

माझा गोंधळ मात्र अजून मिटलेला नाही. असा नियम हवाच, नाहीतर हीच गोळी पोराटोरांच्या हाती जाईल, हे मला कळतं. ती कुटून पाण्यात विरघळवायची होती, सरणावर ठेवायची नव्हती, हेही कळतं. पण पोस्टवर मांडीत तोफगोळ्याचं स्प्लिंटर घुसलं तेव्हा सुभेदार बिरादारांनी तोंडातून हूं की चूं काढलं नव्हतं. तेच शेवटच्या महिन्यात माझा हात धरून लहान लेकरासारखे रडले. म्हणून वहिनींचं चुकलं, असं माझ्याने म्हणवत नाही.